पायरीवरची झोप

धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत ती दुसऱ्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात वळली आणि समोरच्या भिंतीवर तिने स्वतःला झोपलेलं पाहिलं. आधी ओळखली ती चप्पल. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता तेव्हा तिने तो लाँड्रीतल्याच जाड पांढऱ्या दोऱ्याने शिवला होता, आणि काळ्या पट्ट्यावरचे ते टाके फोटोत इतके उठून दिसत होते की तिला आधी शिवणीचीच लाज वाटली. काळा दोरा शोधायला काय झालं होतं? मग दोन कापडी पिशव्या ओळखल्या. मग पाय. तळव्यांना भेगा होत्या. इतक्या भेगा असतील असं तिला कधी वाटलं नव्हतं, पण आपले तळवे आपल्याला दिसतात कुठे. चेहरा तिने सगळ्यात शेवटी ओळखला. खांबाला टेकलेलं डोकं, किंचित उघडं तोंड, कानामागून सुटलेली केसांची बट, एक हात पिशवीवर. फोटो चांगला खिडकीएवढा होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हिला कुठेच जायचं नाही.’ तिने ते दोनदा वाचलं आणि आजूबाजूला पाहिलं. व्हरांड्याच्या दोन्ही भिंतींवर तसलेच फोटो होते. पुलाखाली पांघरूण ओढून बसलेला म्हातारा, खोक्यात झोपलेली दोन मुलं, नुसतेच कुणाचे तरी हात. रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी निवारा बांधायचा होता, त्यासाठी इस्पितळाने हे प्रदर्शन भरवलं होतं. लिफ्टपाशी तसा फलक आठवडाभर लागला होता आणि तिने तो येताजाता पाहिलाही होता. दुसऱ्याच्या दुःखाकडे माणूस पाहतो तसा, म्हणजे चालता चालता.

तिला वाटलं, आता कुणीतरी हाक मारणार. ‘अहो, हा तुमचाच ना?’ म्हणणार. इतकी वर्षं ती या इमारतीत वावरत होती. फाटक्या चादरींना ठिगळं लावायची, पेशंटांच्या झग्यांना नव्या नाड्या शिवायच्या, अभ्रे मोजून वॉर्डावॉर्डात पोचवायचे. तिला न ओळखणारं इथे कोण होतं? पण परिचारिका गेल्या, डॉक्टर गेले, एका पेशंटची सून थांबली, फोटोकडे पाहत जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि म्हणाली, “बिचारी. कुणाची तरी आई असेल.” मग तिच्याकडे वळून, “बाई, स्वच्छतागृह कुठंय हो?” तिने बोटाने दाखवलं. ती कुणाचीच आई नव्हती.

दुपारी शिवणाच्या मशीनवर बसणारी तिची सोबतीण तिला हात धरून प्रदर्शन बघायला घेऊन गेली. मशीनवाली तोंडाने फटकळ, मनाने साफ. सगळे फोटो पाहून झाल्यावर ती नेमकी याच फोटोपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “बघ बाई, कशी निवांत पसरलीय. आपल्याला मेलं चार भिंतींत, गादीवर अशी झोप लागत नाही.” ती मशीनवालीच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तिच्या पायात तीच चप्पल होती. मशीनवालीने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि म्हणाली, “चल, चहा गार होईल.” सुटलो असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी छातीत कुठेतरी पायरी चुकल्यासारखं झालं. आपण सापडू नये म्हणून लपावं आणि शोधणाऱ्यांनी खेळ सोडून घरी निघून जावं, तसं.

खरं तर यात लपवण्यासारखं काही नव्हतं. भावाच्या घरात तिची खाट भाचीच्या खोलीत होती. भाचीला नोकरी लागली आणि ती घरी बसूनच करायची असते असं कळलं, तेव्हा सगळ्यांनाच आनंद झाला होता. पोरीचे धक्के खाणं वाचलं. भाची दिवसभर संगणकासमोर बसून कुठल्या कुठल्या माणसांशी बोलायची. एके दिवशी ती इस्पितळातली पाळी संपवून दुपारी परतली, पाय दुखत होते म्हणून खाटेवर आडवी झाली, तर भाचीने मागे न वळता अगदी हळू आवाजात म्हटलं, “आत्या, तू मागे दिसतेस गं.” एवढंच. त्यात राग नव्हता, तुसडेपणा नव्हता. तिनेही लगेच पाय खाली सोडले आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे भावजय दुपारची डुलकी घेत होती, ती दचकून उठली आणि उगाचच भांडी आवरू लागली. आपण आल्यावर ज्याला त्याला काहीतरी करावं लागतं हे त्या दिवशी तिच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशीपासून ती इस्पितळातून निघाली की बंद पडलेल्या थिएटरच्या पायऱ्यांवर बसू लागली. संध्याकाळ झाली, भाचीचं काम संपलं असेल असा अंदाज आला की घरी जायची. घरच्यांना वाटलं, काम वाढलंय. तिनेही तसं सांगितलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जे विचारलंच नाही त्याचं उत्तर कुणी द्यायचं?

पायऱ्या रुंद होत्या, दगडी, आणि दुपारी त्यांच्या एका टोकाला थिएटरचीच सावली पडायची. दगडाचा गारवा हळूहळू अंगात चढायचा. सुरुवातीला ती ताठ बसायची, मांडीवर पिशव्या घेऊन, मधूनमधून रस्त्याकडे पाहत, कुणीतरी येणार असल्यासारखी. मग केव्हातरी पिशव्या खाली ठेवल्या. मग चपला काढल्या. मग खांबाला डोकं टेकलं, आणि पुढचं तिला आठवत नाही, कारण तिथे तिला झोप लागायची. रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज लांब लांब जायचे, विहिरीत पडल्यासारखे, आणि ते कुणीच तिच्यासाठी कमी केलेले नसायचे. घरात ती झोपली की सगळे हळू बोलायचे. त्या हळू बोलण्याने तिला जाग यायची. पायऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला एक बाई असायची. तिच्याभोवती प्लॅस्टिकच्या थैल्यांचा ढीग, म्हणून मनातल्या मनात तिने तिचं नाव थैलीवाली ठेवलं होतं. थैलीवाली तिथेच राहायची. दोघी कधी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. फक्त एकदा, जोराचा वारा सुटला होता आणि तिची एक पिशवी घरंगळत निघाली होती, तेव्हा थैलीवालीने बसल्या जागेवरून पाय लांब करून ती अडवली होती आणि पुन्हा तोंड फिरवून बसली होती.

फोटो आठवडाभर तिथे राहिला. रोज चादरींची गाडी घेऊन ती त्याच्यासमोरून जायची आणि रोज काहीतरी नवं दिसायचं. एकदा दिसलं की झोपेत आपली मूठ उघडी आहे. एकदा दिसलं की आपला चेहरा अगदी आपल्या आईसारखा झाला आहे, आईच्या शेवटच्या वर्षांतल्या. घरी तिचा असा एकही फोटो नव्हता. घरातल्या फोटोंत ती कडेला असायची, अर्धा खांदा कापलेली, किंवा नसायचीच, कारण कॅमेरा तिच्याच हातात दिलेला असायचा. ‘ताई, तू काढ, तुझा हात हलत नाही.’ आणि इथे ती मधोमध होती. चौकटीत दुसरं कुणी नव्हतं. या विचाराने तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून अपराधी वाटलं. चोरीला गेलेली वस्तू दुकानाच्या काचेत छान मांडलेली दिसावी आणि क्षणभर आपल्यालाच ती विकत घ्यावीशी वाटावी, असलं काहीतरी.

घरी कळलं ते फोनवरून. कुणीतरी प्रदर्शनाचे फोटो काढून पाठवले, त्यांनी पुढे पाठवले, आणि एका रात्री जेवताना भावजयीच्या मामेबहिणीचा निरोप आला, ‘या तुमच्या नणंदबाई तर नव्हेत?’ भावजयीने फोन नवऱ्यापुढे धरला. भाऊ घास तसाच हातात धरून बघत राहिला. मग त्याने फोन तिच्याकडे सरकवला. “ताई, हे काय आहे?”

“फोटो आहे,” ती म्हणाली.

“ते दिसतंय मला. तू तिथे काय करत होतीस?”

“बसले होते. डोळा लागला.”

“डोळा लागला!” भाऊ ताटावरून उठला. तो रागीट नव्हता, पण घाबरला की त्याचा आवाज चढायचा, लहानपणापासून. “घर नाही तुला? खाट नाही? इथे काय कुणी तुला दारात उभं करत नाही? लोक काय म्हणतील, बहिणीला रस्त्यावर काढलं म्हणतील. आपल्या घराण्यात आजवर कुणी रस्त्यावर बसलं नाही.”

भाची ताटात बोटाने रेघा ओढत होती. तिला कळलं होतं. सगळ्यांच्या आधी तिलाच कळलं होतं आणि तिचे डोळे भरून येत चालले होते, म्हणून आत्याने पाण्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं आणि भावाला म्हणाली, “चुकलं माझं. आता नाही बसणार.”

आपल्या घराण्यात. खाटेवर पडल्यावर ते शब्द तिच्या कानात घोळत राहिले. भाऊ तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. वडिलांची नोकरी गेली, नोकरीबरोबर मिळालेली खोली गेली, आणि नवी जागा मिळेपर्यंत ते चौघं रेल्वे स्टेशनच्या प्रतीक्षालयात राहिले. वडील सकाळी निघून जायचे, संध्याकाळी खाली मान घालून यायचे. आई रोज नळावर तिची वेणी घालायची, इतकी घट्ट की कपाळ ओढलं जायचं, आणि कानात सांगायची, “बसायचं ते गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखं. राहणाऱ्या माणसासारखं नाही. चपला काढायच्या नाहीत, पाय वर घ्यायचे नाहीत, आडवं व्हायचं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, आमची गाडी उशिरा आहे.” तिला ते खरंच वाटू लागलं होतं. गाडी आली की ती उठून उभी राहायची, भावाला कडेवर घ्यायची, आणि गाडी गेली की पुन्हा बसायची. भाऊ मात्र तिच्या मांडीवर वाटेल तेव्हा झोपायचा. लहान मुलाला झोपायला कुणी हरकत घेत नाही. तिच्या मांडीला मुंग्या यायच्या, पण ती हलायची नाही. पुढे जागा मिळाली, वडिलांना दुसरी नोकरी लागली, आणि आईने तिच्याकडून वचन घेतलं की हे बाळाला कधी सांगायचं नाही. तिने कधी सांगितलं नाही. इतकं सांगितलं नाही, की आता तो घराण्याविषयी बोलतो. तिला हसू आलं आणि ते तिने उशीत दाबलं, कारण भाची जागी होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ अर्धी रजा टाकून तिला घेऊन फोटोवाल्याकडे गेला. पत्ता इस्पितळातून मिळाला. एका छपाईच्या दुकानावरची खोली, शाईचा वास, दोरीला लटकवलेले कागद. फोटोवाला तिशीतला होता, दाढी वाढलेली, बोलायला मऊ. खोलीत एकच खुर्ची होती, ती त्याने तिला दिली. भाऊ उभाच राहिला.

“ही माझी सख्खी बहीण,” भाऊ म्हणाला. “हिला घर आहे. नोकरी आहे. आणि तुम्ही हिला भिकाऱ्यांच्या रांगेत टांगलंय.”

फोटोवाल्याने तिच्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे नाही, हातांकडे, मग पायांकडे, आणि त्याचा चेहरा उतरला. “मला वाटलं...” तो म्हणाला.

“वाटलं म्हणून भिंतीवर लावायचं? आधी विचारायचं नाही?”

“विचारायला हवं होतं. चुकलो. पण मी झोपलेल्या माणसाला उठवत नाही.”

चोरही उठवत नाही, तिच्या मनात आलं. पण तो हे खरं बोलत होता हेही तिला दिसत होतं.

“फोटो आजच काढून टाकतो,” तो म्हणाला. आणि मग, मोघम, जणू स्वतःलाच, “पण मावशी, तुम्ही तिथे रोज...”

“पाय मोकळे करायला बसते ती,” भाऊ घाईने म्हणाला.

“रोज?”

खालच्या यंत्राचा ठोका जमिनीतून खुर्चीच्या पायांत येत होता. भाऊ तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात दरडावणी नव्हती, विनवणी होती. खरं काय ते त्याला ऐकायचं नव्हतं, पण त्याला ठाऊक होतं. “हो,” ती म्हणाली. “तिथे वारा छान असतो.” भावाने श्वास सोडला. तेवढ्यात त्याला कचेरीतून फोन आला आणि तो बोलत बोलत जिन्यात गेला.

“एकच फोटो आहे का?” तिने विचारलं. का विचारलं हे तिला कळलं नाही.

फोटोवाला थोडा घुटमळला. मग त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. एक नव्हता. खूप होते. तो कित्येक दुपारी समोरच्या फुटपाथवर उभा राहिला होता. ती पाय चोळताना. ती जांभई देताना, हात तोंडाशी न नेता. कबुतराला काहीतरी सांगताना. आपण कबुतरांशी बोलतो हे तिला माहीत नव्हतं. उन्हाची तिरीप आली म्हणून झोपेतच सरकून सावलीत गेलेली. एकात ती हसत होती, कुणाकडेही न बघता. ती बघत राहिली. आयुष्यात तिच्याकडे इतका वेळ कुणी पाहिलं नव्हतं, आई सोडली तर, आणि आईही तिची वेणी नीट आहे ना हेच बघायची. तिला राग यायला हवा होता. आला थोडासा. पण फोटोतली ती बाई कुणाची वाट बघत नव्हती. ती तिथे होती, बस. खालच्या ओळीत त्याने जे लिहिलं होतं ते त्याने दुःखाने लिहिलं असेल, पण ते खोटं नव्हतं.

“इतके दिवस का उभे राहिलात?” तिने विचारलं.

“तुम्ही छान झोपता,” तो म्हणाला आणि ओशाळला. “म्हणजे, रस्त्यावर माणसं अशी झोपत नाहीत. एक डोळा उघडा असतो त्यांचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं.”

“पलीकडे एक बाई असते. तिचा काढला का?”

“त्यांनी दगड मारला मला. लागला असता.”

जिन्यात भावाची पावलं वाजली. फोटोवाल्याने पडदा वळवून घेतला, आणि तिला बरं वाटलं की त्याने तो वळवला.

त्यानंतर घर बदललं. भावाने तिला दाराची वेगळी किल्ली करून दिली, जणू आजवर तेवढ्यासाठीच अडलं होतं. दुपारी ती आली की भावजय उठून चहा टाकायची. भाची संगणक उचलून स्वयंपाकघरात जाऊन बसायची आणि तिथून तिचा दबलेला आवाज यायचा, पिंपात बोलल्यासारखा. एकदा तीच येऊन खाटेच्या कडेला टेकली. “आत्या, मी म्हटलं होतं म्हणून ना?” तिने भाचीच्या केसांतून हात फिरवला. “नाही गं. तू काय म्हणालीस ते मला आठवतसुद्धा नाही.” भाची रडली, मोकळी झाली आणि पुन्हा कामाला गेली. सगळे तिच्याशी इतके चांगले वागत होते की तिला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. पाहुण्यासारखं वागवतात असं म्हणावं तर पाहुणा निदान परत जातो. ती खाटेवर पडून राहायची, डोळे मिटून, झोपेचं सोंग घेऊन, म्हणजे घरातल्यांना बरं वाटावं. झोप येत नव्हती. भिंतीपलीकडे भावजय कपबशी ठेवायची, आवाज होऊ नये म्हणून दोन हातांनी, आणि ते दोन हात तिला भिंतीतून दिसायचे.

मग एका दुपारी तिचे पाय आपोआप थिएटरकडे वळले. बसायचं नाही, नुसतं जाऊन यायचं, असं तिने मनाशी घोकलं. पायऱ्या तशाच होत्या, सावली तशीच. तिच्या खांबापाशी आता थैलीवालीच्या थैल्या होत्या. ढीग सरकत सरकत तिथवर आला होता. ती खालच्या पायरीवर उभी राहिली. थैलीवालीने मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याशी बोलली.

“आलीस होय. तुझा फोटो लागला म्हणे मोठ्या जागी.”

“काढला आता.”

“तो फोटोवाला रोज उभा असायचा तिथे. मला वाटलं तुझ्या ओळखीचा. म्हणून तुला उठवलं नाही.” थैलीवालीने एका थैलीची गाठ सोडली, आत पाहिलं, पुन्हा बांधली. “तुला घर आहे म्हणतात.”

“आहे.”

“दार लागतं का त्याला आतून?”

घराला दार होतं, खोलीला दार होतं, पण तिने ते आतून कधी लावलं नव्हतं. कशाला लावेल?

“मग इथे कशाला येतेस मरायला?” थैलीवाली म्हणाली. आवाजात दावा नव्हता. भाजीवाली गिऱ्हाइकाला भाव सांगते तसा सरळ आवाज होता. “तू आलीस की मी तिकडच्या टोकाला उन्हात. नोकरीवाली बाई दिसली की पोलीस काही बोलत नाही, म्हणून मीपण काही बोलले नाही. फायदा होता माझा. पण जागा माझी होती गं ती. सावलीची.”

तिने उन्हाच्या टोकाकडे पाहिलं. दगड तिथे पांढरा पडला होता, डोळ्यांना लागत होता. इतके दिवस आपल्याला सावली आपोआप मिळाली असं तिला वाटत होतं. “मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

“झोपलेल्याला काय माहीत असतं,” थैलीवाली म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

परतताना रस्ता संपेना. माणसं समोरून येत होती, तिला चुकवून जात होती, दुकानांच्या काचांतून दोन पिशव्या धरलेली एक बाई तिच्याबरोबर चालत होती आणि काच संपली की संपत होती. तिला रडू आलं नाही. नुसतं कळत होतं, एकेक करून, चादरींतली फाटकी चादर बाजूला काढावी तसं. घरात ती मागे दिसते. पायऱ्यांवर ती दुसरीची सावली अडवते. फोटोत तेवढी ती नीट मावली होती, आणि तो फोटो तिच्याच संमतीने उतरवला गेला होता.

मशीनवालीच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. भाडेकरू गेल्यापासून ती कुणी चांगलं माणूस आहे का म्हणून विचारत फिरत होती. दुसऱ्या दिवशी नाड्या शिवताना तिने मशीनवालीला विचारलं, “ती खोली गेली का गं?”

“कुणाला हवीय?”

“मला.”

मशीनवालीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. ती फटकळ बाई, पण त्या वेळी तिने एवढंच विचारलं, “घरी काही झालं का?” “नाही,” ती म्हणाली, “काहीच झालं नाही.” आणि मशीनवालीने चाक पुन्हा सोडलं.

भावाला सांगणं अवघड गेलं. त्याने आधी ऐकलंच नाही, मग ऐकून हसला, मग त्याचा आवाज चढला. “माझ्यावर सूड उगवतेस? त्या फोटोचा?”

“नाही रे.”

“मग कशासाठी? काय कमी पडतंय तुला इथे?”

“मला दुपारी झोप येते,” ती म्हणाली.

“मग झोप की. कोण नको म्हणतंय?”

“कुणीच नको म्हणत नाही,” ती म्हणाली. “तेच.”

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. कितीतरी वर्षांनी तो तिच्याकडे असं बघत होता, उत्तराची घाई न करता. त्या क्षणी तिला वाटलं, स्टेशनचं सांगून टाकावं. तू माझ्या मांडीवर किती गाढ झोपायचास, गाड्या धडधडत जायच्या तरी उठायचा नाहीस, हे सांगावं. तो त्याच्या जुन्या घड्याळाचा पट्टा उगाच घट्ट करत उभा होता, केस विरळ झालेला, पोट सुटलेला, चार माणसांत मान असलेला. तिने सांगितलं नाही. आईला दिलेल्या वचनासाठी नव्हे. त्याची झोप का मोडावी?

रविवारी त्याने स्वतःच लोखंडी खाट सुटी केली, टेंपो आणला, आणि मशीनवालीच्या अरुंद जिन्यावरून एकेक पट्टी वर नेली. भाची सोबत यायला निघाली होती, पण ऐनवेळी तीच म्हणाली, “आत्या, मी पुढच्या आठवड्यात येते.” खोली लहान होती. एक खिडकी, एक नळ, भिंतीला ताजा चुना. भाऊ गुडघ्यांवर बसून खाटेचे नट आवळत होता. सगळे आवळून झाले तरी तो पान्ह्याने पुन्हा पहिल्यापासून आवळू लागला. ती भिंतीला टेकून बघत होती. त्याच्या मानेवर घाम आला होता.

“हलत नाही ना बघ,” तो म्हणाला आणि खाटेच्या एका टोकाला बसला. मग तसाच बसून राहिला. तिने त्याला पाणी दिलं. पेला एकच होता, म्हणून तो पिऊन होईपर्यंत ती थांबली, आणि मग त्याच पेल्यातून स्वतः प्यायली.

“इथे बरं आहे,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. “आवाज येतो रस्त्याचा. तुला चालेल?”

“चालेल.”

“काही लागलं तर...”

“हो.”

तो उठला, दारापाशी गेला. कडी बाहेरून पाहिली, आतून पाहिली, एकदा लावून काढून बघितली. “येतो ताई,” म्हणाला. ती दारात उभी राहिली. त्याची पावलं जिना उतरू लागली, जड, एकेक पायरी घेत, आणि जिन्याच्या वळणावर थांबली. तिथे तो दिसत नव्हता. त्याचा श्वास मात्र तिला ऐकू येत होता. तो वाट बघत होता. एक हाक मारली असती तर तो परत आला असता, खाट पुन्हा सुटी केली असती, आणि जन्मभर त्याने तिला या दिवसाबद्दल एका शब्दाने विचारलं नसतं. तिने तोंड उघडलंही. जिन्यात चुन्याचा ओला वास होता, खाली कुणाच्या तरी घरात भांडं पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत दोघंही आपापल्या जागी उभी होती. मग पावलं निघाली आणि खाली जाता जाता रस्त्यात मिसळून गेली.

ती आत आली. दार लोटून घेतलं, कडी लावली, आणि खाटेच्या ज्या टोकाला तो बसला होता, त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.